जोडकार्डाचा कोरा भाग

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी प्रतापनगरात राहते आणि बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वे साहित्य संमेलन झाले, तेव्हा तिथल्या पुस्तकांच्या दालनांतली गर्दी पाहून मनात आले की आपल्या वस्तीसाठीही काहीतरी वाचायला द्यावे. दोन वर्षे विचारात गेली आणि मग चार पानांचा छापील मासिक अंक सुरू केला. जुन्या नागपूरच्या आठवणी, सणवार, खाणेपिणे, वाडे, झाडे असे विषय असतात. अडीचशे प्रती छापते. किराणा दुकान, वाचनालय, दवाखाना आणि अंबाझरी उद्यानात सकाळी फिरायला येणारी मंडळी यांच्याकडे त्या जातात. चौदा अंक झाले. भेटेल तो ‘छान असतो हो तुमचा अंक’ म्हणतो, पण पत्रे आली ती तीनच जणांची. त्यांतले एक गृहस्थ दर अंकातल्या चुका काढून दोन-दोन फुलस्केप लिहून पाठवतात. वाचकांचे एक कुटुंब व्हावे, त्यांनी लिहावे, एकमेकांशी बोलावे, असे फार वाटते. बर्डीवर एखादे सभागृह घेऊन वाचक मेळावा करावा का? भाचा म्हणतो, सोडत काढा, बक्षीस ठेवा. यजमान म्हणतात, पुरे करा आता. आपण काय सुचवाल?

— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत चौदाही अंक पाठवलेत हे फार बरे केलेत. नुसत्या पत्रावरून उत्तर द्यायला बसलो असतो, तर ‘धीर धरा, वाचक हळूहळू येतील’ एवढे लिहून मी मोकळा झालो असतो आणि ते चुकीचे ठरले असते. वाचक आलेले आहेत. ते बोलत नाहीत, याचे कारण बऱ्याच अंशी आपल्या अंकांतच आहे, आणि गंमत अशी की ते आपल्या टापटिपीतून आलेले आहे.

आधी आकड्याचे पाहू. अडीचशे प्रतींमागे तीन पत्रलेखक हे प्रमाण आपल्याला लाजिरवाणे वाटते, पण ते तसे नाही. इंटरनेटवरील समूहांत माणसे कशी वागतात याविषयी संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली एक ठोकताळा मांडला होता. शंभर जणांच्या समूहात साधारण नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून काही बोलतात आणि बहुतेक मजकूर एकटा एक जण पुरवतो, असा तो ठोकताळा. तो पडद्यावरच्या समूहांचा असल्यामुळे प्रतापनगरातल्या छापील अंकाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. तरी त्या हिशेबाने आपल्या वाट्याला अडीच माणसे येतात आणि आपल्याकडे तीन आहेत. म्हणजे जी माणसे काही झाले तरी लिहितातच ती आपल्याला मिळाली आहेत, आणि जी कधीच लिहिणार नाहीत त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत अंक वाचून तो नीट घडी घालून परत ठेवणारा माणूस हा चांगला वाचक आहे; त्याने पत्रही लिहिले पाहिजे असा आग्रह धरणे म्हणजे जेवून उठलेल्याला भांडीही घासायला सांगण्यासारखे आहे. आपले लक्ष असायला हवे ते मधल्या नऊंवर. आपल्या हिशेबात ते वीस-बावीस जण होतात. किराणा दुकानात थांबून ‘छान’ म्हणणारे बहुधा हेच आहेत, आणि विचारले तर ते आणखी चार शब्द बोलतील.

‘छान’ हा शब्द आपल्याकडे कधी उच्चारला जातो, हे आपण कधी लक्षात घेतले आहे का? हळदीकुंकू आटोपले, ओटी घेतली, चपला पायात गेल्या, मग दारातून वळून ‘छान झालं हो सगळं’. तो निघतानाचा शब्द आहे. बसणाऱ्या माणसाच्या तोंडी तो येत नाही. बसणारा ‘हा चिवडा कसा केला?’ असे विचारतो, किंवा ‘आमच्याकडे यात धने घालतात’ असे तरी सांगतो. आपले वाचक दारातूनच ‘छान’ म्हणून जातात, कारण आत त्यांच्यासाठी पाट मांडलेला नसतो.

सातव्या अंकातला तान्ह्या पोळ्यावरचा आपला लेख घ्या. मेहनत दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून मुले दारोदार जातात इथपासून भोसल्यांच्या वाड्यातल्या मोठ्या लाकडी बैलापर्यंत, बोजाऱ्यात मिळणाऱ्या पैशांपासून त्याच दिवशी मिरवणुकीने निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांपर्यंत आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळीपर्यंत काहीही सुटलेले नाही. शेवटच्या परिच्छेदात ‘अशा या परंपरा जपणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे’ असे म्हणून आपण लेखाला बाहेरून कडी घातली आहे. ज्याच्या माळ्यावर धुळीने माखलेला नंदी आजही पडून आहे, असा वाचक हा लेख वाचून काय करणार? तो मान डोलावणार. कर्तव्य म्हटले की माणूस मान डोलावतो आणि पान उलटतो.

तोच शेवट समजा असा असता: ‘आमच्या घरचा नंदी आजोबांनी महालातल्या एका सुताराकडून सागवानात घडवून घेतला होता. त्याचे डावे शिंग आम्हा भावंडांपैकी कोणी मोडले, याचा निकाल पन्नास वर्षांत लागलेला नाही. आपल्या घरचा नंदी आज कुठे आहे? आणि आपल्याला मिळालेला पहिला बोजारा किती होता?’ (सुतार आणि शिंग मी कल्पनेने घातले आहेत, आपण आपले खरे घालावे.) आता माळ्यावर नंदी असलेला तो माणूस मान डोलावून थांबू शकत नाही. त्याला बोजाऱ्याचे दहा पैसे आठवतात, ते देणाऱ्या शेजारच्या काकू आठवतात, आणि हे आपल्याखेरीज कोणाला ठाऊक नाही हेही त्याला जाणवते. माणूस लेखणी उचलतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या जाणिवेने.

माझ्या लहानपणी घरात पोस्टाची जोडकार्डे असत. आताच्या मुलांना ती दाखवायला हवीत. दोन कार्डे एकमेकांना जोडलेली. एकावर आपला मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून त्याची मागची बाजू कोरी सोडायची. समोरच्याने वाचून झाले की ते दुसरे कार्ड फाडून, दोन ओळी खरडून पेटीत टाकायचे. उत्तर लिहायला कार्ड नव्हते, पत्ता हरवला होता, या सबबींना त्यात जागाच नसे. माझे वडील मामांना नेहमी जोडकार्ड धाडत आणि मामांचे उत्तर येई. साधे पत्र धाडले तर येत नसे. मामांचा स्वभाव दोन्ही वेळेला तोच होता. आपले चौदा अंक वाचताना मला सारखे वाटत राहिले की ही सुंदर अक्षरात, दोन्ही बाजूंनी काठोकाठ भरलेली कार्डे आहेत.

तेव्हा पहिली सूचना ही की प्रत्येक अंकात एक प्रश्न असावा, एकच असावा, आणि तो लेखाच्या पोटातून आलेला असावा. उभ्याउभ्या दोन ओळींत उत्तर देता येईल इतका तो लहान हवा, आणि त्याचे उत्तर चूक ठरण्याची भीती वाटू नये इतका तो घरगुती हवा. ‘आपली संस्कृती लोप पावत आहे काय?’ असा प्रश्न घातलात तर तीन निबंध येतील आणि ते तिन्ही त्याच तीन जणांचे असतील. ‘स्वतंत्र विदर्भ हवा की नको?’ असे विचारलेत तर पत्रांचा पाऊस पडेल, हे मी लेखी द्यायला तयार आहे. विदर्भाने मराठी राज्यात यावे म्हणून झालेला १९५३ चा नागपूर करार पाळला गेला की नाही यावर या शहरात कुठल्याही पानठेल्यावर दोन तास बोलता येते. पण त्या पत्रांतला प्रत्येक जण आधीच ठरलेले मत घेऊन आलेला असेल, दुसऱ्याचे वाचायला कोणी थांबणार नाही, आणि पुढच्या अंकाला आपली चार पाने पुरणार नाहीत. गोळाभातावर तेल फोडणीचे घालायचे की कच्चे, हा वाद त्यापेक्षा कितीतरी फलदायी आहे, कारण त्यात हरणाराही जेवायला बोलावतो.

कोरे कार्ड अक्षरशः द्यायलाही हरकत नाही. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळते. दर महिन्याला पंचवीस कार्डांवर आपला पत्ता घालून ती पंचवीस अंकांना टाचून द्यावीत. खर्च साडेबारा रुपये. सरसकट वाटू नयेत, ज्यांनी तोंडी ‘छान’ म्हटले आहे त्यांच्याच हाती द्यावीत आणि देताना नावाने द्यावीत. बाकीच्यांसाठी किराणा दुकानात बिस्किटांचा रिकामा डबा झाकणाला चीर पाडून ठेवावा. दुकानदाराशी आपले चांगले असेल तर त्याला आणखी एक काम सांगून ठेवा. एखाद्या महिन्याला अंक आठ दिवस उशिरा गेला, तर ‘या वेळचा आला नाही का?’ असे किती जणांनी विचारले ते मोजायला सांगा. आपल्याला तोंडावर मिळणाऱ्या प्रशंसेपेक्षा त्याचा तो आकडा अधिक खरा असेल. मुद्दाम उशीर करा असे मात्र मी म्हणत नाही; अंकाचा वार ठरलेला असावा आणि तो मोडू नये.

उत्तरे आल्यावर त्यांचे काय करायचे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे, आणि इथे मला आपल्याशी थोडे भांडायचे आहे. नवव्या अंकात आपण एका वाचकाचे पोळ्याच्या आठवणीचे पत्र छापले आहे आणि संपादनाला किती कष्ट पडतात हे मला दिसावे म्हणून मूळ पत्राची छायाप्रतही जोडली आहे. मूळ पत्रात त्या गृहस्थांनी लिहिले आहे: ‘खांदशेकणीच्या दिवशी माही माय बैलायच्या खांद्याले हळद-लोणी लावून म्हणे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ आपण छापले आहे: ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी माझी आई बैलांच्या खांद्यांना हळद व लोणी लावून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या भोजनाचे निमंत्रण देत असे.’ ताई, व्याकरण निर्दोष आहे, पण बैल उपाशी राहिला. त्या माणसाने आपली माय आपल्या हाती सोपवली होती, तिला आपण सभ्य पोशाख चढवून उभे केलेत, आणि त्यानंतर त्यांचे दुसरे पत्र आलेले नाही, असे आपणच लिहिता. मला त्यात नवल वाटत नाही. आपले स्वतःचे लेख आपण प्रमाण मराठीत अवश्य लिहा. वाचकाचे पत्र मात्र त्याच्या तोंडचे राहू द्या, ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारा. ‘काऊन’ला ‘का’ करू नका.

अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी एके काळी आपल्या नागपुरात ‘देशसेवक’ चालवले आणि पुढे मुंबईला जाऊन १९१५ साली ‘संदेश’ काढला. त्या ‘संदेश’मध्ये राजकारणाच्या लेखांच्या जोडीला ‘वत्सलावहिनींची पत्रे’ येत. घरातली वहिनी बोलते आहे अशा सुरात लिहिलेला मजकूर दैनिकात येणे हे त्या काळी नवे होते. ती पत्रे कचेरीत लिहिली जात आणि आपल्याकडे तर खऱ्याच वहिनी पत्र लिहायला तयार आहेत, तेव्हा आपली अडचण कोल्हटकरांपेक्षा कमी आहे.

वाचकांची उत्तरे शेवटच्या पानावर ‘वाचकांचे मनोगत’ अशा मथळ्याखाली बारीक टाइपात टाकण्याची प्रथाही आपण सोडावी असे मला वाटते. त्या मथळ्याखालचा मजकूर ज्याचा असतो तोच वाचतो. उत्तरे पहिल्या पानावर घ्या, नाव आणि मोहल्ला घालून घ्या, आणि शक्य तर पुढचा लेखच त्यांतून उभा करा. बारा जणांनी आपापल्या नंदीची हकिकत कळवली, तर आपला पुढच्या वर्षीचा तान्ह्या पोळ्याचा लेख त्या बारा नंदींचाच असेल आणि तो भोसल्यांच्या बैलाइतकाच वाचनीय होईल. दोन उत्तरे परस्परविरुद्ध आली तर ती शेजारी शेजारी छापावीत आणि निवाडा करण्याचा मोह आवरावा. वाचकांनी एकमेकांशी बोलावे असे आपल्याला वाटते, पण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बाई स्वतःच देऊ लागल्या तर वर्गातली मुले बाईंकडेच पाहून बोलतात. कोणी काही विचारले तर अधूनमधून एवढेच छापावे: ‘हे मला ठाऊक नाही. गोपाळनगरच्या बाजूला कोणाला माहीत असेल तर कळवावे.’ ठाऊक असले तरी छापावे. एवढा खोटेपणा संपादकाला माफ असतो.

नावाबद्दल एक सांगायचे राहिले. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे माणसे लिहायला अधिक कचरतात. ‘समोरच्या कुळकर्ण्यांनी वाचले तर’ ही भीती मुंबईच्या दैनिकाला लिहिताना नसते, गल्लीतल्या अंकाला लिहिताना असते. टोपणनाव चालेल असे प्रत्येक अंकात ठळक छापा. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी पत्रे येऊ लागली, ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीचे, सरकारी नोकरीतले होते, आणि त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिले. एकशे आठ पत्रे झाली. आज ‘प्रभाकर’चे नाव अभ्यासकांना ठाऊक असते, लोकहितवादींचे शाळेतल्या मुलांनाही असते. संपादकाने कोणाला जागा दिली, यावरही त्याच्या वृत्तपत्राचे मोठेपण ठरते, असे मी या हकिकतीवरून धरून चालतो.

याच संदर्भात त्या दोन फुलस्केपवाल्या गृहस्थांचे पाहू. त्यांच्यामुळे आपल्याला त्रास होतो हे पत्रातून कळते, आणि त्यांचा सूर मलाही गोड वाटला नाही. पण त्यांनी काढलेल्या चुका मी ताडून पाहिल्या. अकराव्या अंकात आपण एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाल्याचे साल १८८७ छापले आहे. ते १८७७ आहे, आणि गृहस्थांचे म्हणणे बरोबर आहे. जो माणूस प्रत्येक अंक पेन्सिल घेऊन वाचतो, त्याच्याइतका गुंतलेला वाचक आपल्याकडे दुसरा नाही. त्यांना अर्ध्या रकान्याची जागा द्या, तिला ‘दुरुस्ती’ असे साधे नाव द्या, शंभर शब्दांची मर्यादा घाला, आणि ती मर्यादा मोडली तर कात्री चालवण्याचा हक्क आपला, हे आधीच कळवून ठेवा. चूक मान्य करताना लांबण लावू नये: ‘साल चुकले होते, क्षमस्व’ एवढे पुरे. बाईंची चूक छापून येते हे एकदा दिसले की आपलीही चूक झाली तर बिघडत नाही असे इतरांना वाटू लागते. सहा महिन्यांत गृहस्थ एकतर अंकाचे आधारस्तंभ होतील किंवा चुका संपल्यामुळे रुसतील. दोन्ही गोष्टी चालण्यासारख्या आहेत.

मिलचा विषय निघालाच आहे तर त्या लेखाबद्दल आणखी एक बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. लेखात जमशेटजी टाटा आहेत, इमारत आहे, मिल बंद पडल्याची हळहळ आहे. पण भोंगा ऐकून पाळीवर धावणारा एकही माणूस नाही. तसा माणूस या शहरात अजून आहे. तो अंबाझरी उद्यानात सकाळी हातात काठी घेऊन फिरत नसेल, आणि आपल्या दवाखान्यातही येत नसेल; तो इतवारीच्या पलीकडे, गोळीबार चौकाच्या बाजूला किंवा इंदोऱ्यात एखाद्या सलूनच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेला असेल. आपल्या अडीचशे प्रती ज्या चार ठिकाणी जातात, तिथली माणसे बरीचशी सारख्याच आठवणींची आहेत, आणि सारख्या आठवणींच्या माणसांना एकमेकांना सांगण्यासारखे फार थोडे असते. तीस प्रती त्या बाकावर ठेवा. पहिल्यांदा स्वतः जा, चहा घ्या, भोंगा किती वाजता होई ते विचारा, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘जुने नागपूर’ हा आपला विषय आहे ना? मग ते धरमपेठेच्या अलीकडे संपत नाही.

मेळाव्याबद्दल. बर्डीवरचे सभागृह घेऊ नका. हे मी पैशांच्या हिशेबाने म्हणत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी एका वसाहतीत वाचन मंडळ सुरू केले होते. पहिले वर्षभर आम्ही सहा-सात जण एकाच्या गच्चीवर सतरंजी टाकून बसत असू. प्रत्येकाने त्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकातला एक उतारा वाचायचा, मग भांडायचे, मग चिवडा खायचा. चर्चा इतकी रंगे की खालच्या मजल्यावरून निरोप येई. दुसऱ्या वर्षी कोणाला तरी वाटले की याला काही रूप द्यावे. अध्यक्ष आला, कार्यकारिणी आली, घटना आली. वसाहतीच्या सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या, बाहेरगावचे वक्ते बोलावले, शाल-श्रीफळ झाले, प्रास्ताविक झाले, आभारप्रदर्शन झाले. टाळ्याही झाल्या. तिसऱ्या वर्षी मंडळ बंद पडले आणि ते बंद पडल्याचे कार्यकारिणीखेरीज कोणाला कळले नाही. नक्की कुठे बिघडले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वक्ते वाईट नव्हते. बिघडले ते खुर्च्यांच्या रांगा लागल्या तेव्हा. गच्चीवर आम्ही एकमेकांची तोंडे पाहत होतो, सभागृहात समोरच्याची मान दिसू लागली.

म्हणून आपण आठ-दहा जणांना घरी किंवा गच्चीवर बोलवा, ज्यांनी उत्तर पाठवले त्यांनाच बोलवा, आणि प्रत्येकाला उत्तरातली वस्तू सोबत आणायला सांगा. कोणी मोडक्या शिंगाचा नंदी आणील, कोणी मिलचा बिल्ला आणील, कोणी सासूच्या हातची शेवया करण्याची पाटी. वस्तू हातात असली की संकोची माणूसही बोलतो. प्रास्ताविक करू नका. अंक कसा सुरू झाला ही हकिकत तर मुळीच सांगू नका. ती आपल्याला जितकी प्रिय आहे तितकी ती कोणालाही नसते, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो आहे.

सोडतीचा विचार सोडून द्यावा. स्टीलच्या डब्यासाठी आलेला माणूस डबा घेऊन जातो.

व्हॉट्सअॅपचा गट करावा का, असे आपण विचारलेले नाही, पण भाचा सुचवील याची मला खात्री आहे. गटात प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक सगळ्यांना दिसतो, म्हणून कोणालाही न विचारता त्यात घालू नये, महिलांना तर नाहीच. आणि पंधरा दिवसांत त्यात फुलांची चित्रे व सुप्रभात सुरू होईल, ते वेगळेच. अंक निघाल्याची वर्दी द्यायची असेल तर प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) पुरेशी आहे. तिच्यात एका वेळी २५६ जण मावतात. आपल्या प्रती २५० आहेत. एक अट मात्र लक्षात ठेवा: ज्यांनी आपला क्रमांक त्यांच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. अंकावर क्रमांक छापून ‘हा जतन करावा’ असे लिहा.

एक कोरडी बाबही नोंदवून ठेवतो. ठरावीक मुदतीने निघणाऱ्या आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील टीकाटिप्पणी छापणाऱ्या प्रकाशनाला नोंदणी लागते. १८६७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे आणि अर्ज आता ऑनलाइन करायचा असतो. आपला मजकूर आठवणींचा आहे. तरी वाचकांची पत्रे येऊ लागली की त्यांत रस्त्याचे खड्डे आणि नगरसेवक येणारच, तेव्हा एकदा एखाद्या वकिलाला चौदा अंक दाखवून विचारून घ्यावे.

यजमानांचे ‘पुरे करा’ मी फारसे मनावर घेणार नाही, परंतु त्यांना एक काम जरूर द्यावे. आलेल्या प्रत्येक पत्राला आठवड्याच्या आत दोन ओळींची हस्तलिखित पोच गेली पाहिजे आणि ती आपल्याच्याने सगळी होणार नाही. पाकिटांवर पत्ते घालता घालता माणसाला पत्रे वाचायची सवय लागते.

आता पुढच्या अंकाचे. पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे त्याला अवकाश आहे. नंदीचा प्रश्न तोवर राखून ठेवा आणि पोळ्याच्या निदान तीन आठवडे आधी तो लोकांच्या हाती पडेल असे पाहा. जूनच्या अंकासाठी मी एक प्रश्न सुचवतो, कारण हे पत्र लिहिताना माझ्या खिडकीतला कूलर घरघरतो आहे, वाळ्याचा वास येतो आहे आणि बाहेर रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. ‘आपल्या घरी पहिला कूलर कोणत्या वर्षी आला, आणि त्याआधी मे महिन्याची दुपार आपण घरात कुठे काढत होता?’ तुळशीपाशी, माजघरात, जिन्याखाली, ओल्या चटईवर, जिथे असेल तिथे. पंचवीस कार्डे टाचा. एक सव्विसावे मला पाठवा. आमच्याकडे कूलर फार उशिरा आला आणि त्यामागे एक भांडण आहे.

आपला,
सदरलेखक